कोण आलं नाय?

कोल्हापुरात जन्मला असता तर हा गडी फुटबॉल खेळला असता. शाहू स्टेडियमवर कधी पाटाकडील तालमीकडून, कधी शिवाजी तरुण मंडळाकडून, आज बचावात, उद्या डाव्या बगलेला आणि गोलकीपरच्या बहिणीचं लग्न असेल त्या दिवशी जाळ्यासमोर. पण जन्म जुन्नर तालुक्यातला, सासर आंबेगाव तालुक्यात. या दोन तालुक्यांत चेंडूचा आणि पायाचा संबंध आला की फलंदाजानं फक्त एवढंच म्हणायचं असतं, "एलबी नाय आपल्यात." तेव्हा आमचा ऑलराउंडर टेनिस बॉल क्रिकेटमध्ये गेला, आणि वीस-बावीस उन्हाळे झाले तरी तिथंच आहे.

रब्बीचा कांदा-गहू निघाला की एखादं मोकळं वावर सापडतं. त्यावर रोलर फिरतो, चुन्याची रेघ पडते, मंडप उभा राहतो आणि फ्लेक्सवर आजी, माजी आणि भावी सरपंच हात जोडतात. भावी सरपंचांची संख्या खेळाडूंपेक्षा जास्त भरली की स्पर्धा मोठी आहे असं समजावं. चार-चार षटकांचे सामने, सकाळी नवापासून अंधार पडेपर्यंत. कॉमेंट्रीवाला एका दमात चेंडूचं वर्णन करतो, सलग तीन षटकारांना कुणाच्या स्मरणार्थ पाचशे रुपये आहेत ते सांगतो आणि पांढरी स्विफ्ट रस्त्यातून काढायला लावतो.

या गर्दीत एक पिकअप येऊन थांबते. सकाळी नारायणगावच्या बाजारात टोमॅटो उतरवून आलेली. रिकाम्या क्रेटमागून किटबॅग निघते, तिच्यामागून ऑलराउंडर उतरतो. पॅन्ट एका संघाची, टी-शर्ट दुसऱ्या संघाचा, टोपी खताच्या कंपनीची. कर्णधाराला रामराम झाला की तो एकच प्रश्न विचारतो.

"कोण आलं नाय?"

त्याची सगळी कारकीर्द या प्रश्नाच्या उत्तरावर उभी आहे. सलामीवाला चाकणला सेकंड शिफ्टला अडकलाय? मग हा सलामीला. कीपर रात्री वरातीत नाचून गोठ्यात झोपलाय? ग्लोव्हज याच्या पिशवीत आहेतच. फास्ट बोलर हात वाकवून फेकतो अशी तक्रार झाली आणि पंचांनी त्याला थांबवला, तर उरलेले चार चेंडू हा टाकतो, ऑफस्पिन. अकराच्या अकरा हजर असले तर तो क्षणभर हिरमुसतो आणि मग स्कोअररच्या टेबलाकडं जातो, कारण स्कोअरर चहाला गेलेला असतो. अंपायर जेवायला गेला तर अंपायर. कॉमेंट्रीवाल्याचा घसा बसला तर माईक. एकदा त्यानं स्वतःच्याच झेलाचं वर्णन केलं होतं, आणि ते अतिशयोक्त होतं.

तो कशातच वाईट नाही, हे त्याच्याबद्दल बोलता येईल तेवढं चांगलं. फलंदाजी रुपयातली दहा आणे, गोलंदाजी दहा आणे, कीपिंग नऊ. बेरीज केली तर रुपयाच्या वर जाते, पण बेरीज करून कोणी संघ निवडत नाही. वरच्या पायरीवर अशा माणसाची कौतुकं होतात. २००७ च्या फेब्रुवारीत टॉटनहॅमविरुद्ध मँचेस्टर युनायटेडचा गोलकीपर नाक फोडून घेऊन बाहेर गेला. बदली खेळाडू संपलेले. तेव्हा जॉन ओशे हा बचावपटू ग्लोव्हज घालून जाळ्यासमोर उभा राहिला आणि रॉबी कीनसारख्याचा एक फटका त्यानं अडवलाही. ती क्लिप अजून लोक पाहतात. आमच्या ऑलराउंडरनं असले प्रकार दर रविवारी केलेत. त्याचीही एक क्लिप आहे, पण मोबाइल धरणाऱ्या पोरानं नेमका त्या क्षणाला कॅमेरा वडापावच्या गाडीकडं वळवला.

त्याचं खरं कसब मात्र मैदानाबाहेर दिसतं. स्पर्धेचा नियम असतो, एक गाव एक संघ. बाहेरचा खेळाडू चालणार नाही, आधार कार्ड दाखवा. हा नियम ज्यानं केला त्याला आमच्या माणसाची नातीगोती ठाऊक नव्हती. जन्मगाव ओतूरच्या अंगाला, आजोळ बेल्ह्याकडं, सासर घोडेगावजवळ, थोरली बहीण मंचरला दिलेली, मावशी अवसरीत. शिवाय डिंभे धरणात जुनं आंबेगाव बुडालं तेव्हा एका आत्याचं घरही गेलं. त्यामुळे धरणग्रस्तांच्या नव्या वसाहतीतही याचा हक्क पोचतो, असं त्याचं म्हणणं. कमिटीसमोर आक्षेप आला की तो शांतपणे नातं सांगायला सुरुवात करतो. तिसऱ्या पिढीपर्यंत पोचतो तेव्हा कमिटीतलाच कोणी तरी त्याचा मावसभाऊ निघतो आणि आक्षेप चहात विरघळतो. जुन्नर-आंबेगावची निम्मी मंडळी पोटापाण्यासाठी मुंबईत. तिथं गावच्या मंडळांच्या स्पर्धा होतात, तेव्हा माळशेज घाट उतरून हा तिकडंही जातो. तिथं कोण आलं नाय हे विचारावं लागत नाही. मुंबईत निम्मे कायमच आलेले नसतात.

या सगळ्याचे पैसे मिळतात का? मिळतात. पेट्रोल, जेवण आणि पाकीट, असा ठराव असतो. हरलो तर पाकीट पुढच्या रविवारी, म्हणजे जेवणावर समाधान. नारायणगावात चैत्रात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेसाठी सुपारी द्यायला येतात. सकाळी तंबूचे खुंट ठोकणारा गडी तिथं रात्री गौळणीत पेंद्या होतो आणि वगात सरदार. आमचा ऑलराउंडर त्याच मातीतला. फरक इतकाच की फडाला नारळ आणि इसार आधी मिळतो. याला फोन येतो शनिवारी रात्री साडेअकराला, आणि बोलणं सुरू होतं ते "पाव्हणं, जागं हाय का?" असं.

सीमारेषेचीही एक गोष्ट आहे. या भागात वावराला लागून ऊस असतोच, कारण इकडं विघ्नहर आणि तिकडं भीमाशंकर, असे दोन कारखाने. उसात चेंडू गेला की सगळे क्षेत्ररक्षक एकाएकी बुटाची नाडी बांधायला बसतात. उसात बिबट्या असतो. ही थट्टेवारी न्यायची गोष्ट नाही. इथं माणसं गेली आहेत, आणि माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र काही हौसेनं बांधलेलं नाही. तेव्हा चेंडू गेला तर गेला, नवा काढावा. पण नव्या चेंडूचे पैसे कुणी द्यायचे यावर वाद पेटतो, आणि मग सगळ्यांच्या नजरा डीप मिडविकेटला उभ्या असलेल्या आमच्या माणसाकडं वळतात. ही जागा रिकामी आहे हे त्याला कळतं. तो बॅट घेऊन, मोबाइलवर मोठ्यानं भजन लावून कडेकडेनं जातो आणि दोन चेंडू घेऊन परत येतो. दुसरा गेल्या वर्षीच्या स्पर्धेतला.

त्याचं एकच दुखणं आहे, बैल. २०१४ पासून बैलगाडा शर्यतींवर बंदी होती तेव्हा जत्रेच्या वर्गणीतून क्रिकेटला चार पैसे सुटायचे, असा त्याचा हिशेब. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली आणि घाट पुन्हा गजबजले. पुढच्याच वर्षी चिखलीच्या शर्यतीत बक्षिसांमध्ये जेसीबी होता. आमच्याकडं मॅन ऑफ द सिरीजला सायकल, तीही गिअरची नाही. "बैलाला बरं असतं," तो म्हणतो. "सरळ पळायचं, सेकंदात बारी मारायची, की भंडारा उधळतात. बैलाला कोणी कीपिंग करायला सांगत नाय."

नटराजनचं नाव काढलं की मात्र त्याचा चेहरा उजळतो. सेलमजवळच्या चिन्नप्पमपट्टीचा हा टेनिस बॉलवाला २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाला नेट बोलर म्हणून गेला. एकेक गोलंदाज जायबंदी होत गेला आणि एकाच दौऱ्यात हा भारताकडून वनडे, ट्वेंटी-ट्वेंटी आणि ब्रिस्बेनला कसोटीही खेळला. "बघा," ऑलराउंडर म्हणतो, "तो पण तेच विचारत गेला आसंल." २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची मोठी लीग सुरू झाली, टीव्हीवर दिसू लागली. तेव्हापासून गावोगावची पोरं चाचण्यांचे फॉर्म भरतात. असल्याच एका चाचणीचा फॉर्म यानंही आणला. त्यात विचारलं होतं : फलंदाज, गोलंदाज की यष्टिरक्षक? एकावर खूण करा. तो बराच वेळ पेन चावत बसला. शेवटी त्यानं तिन्हींवर खूण केली आणि खाली लिहिलं, "कोण कमी असेल त्याप्रमाणे." अजून बोलावणं आलेलं नाही.

घरी मंडळी वेगळाच हिशेब मांडतात. रविवारी संध्याकाळी पिकअप दारात लागली की चहा ठेवता ठेवता विचारणा होते, "आज कोण नव्हतं आलं?" हा उत्साहानं नावं सांगतो. ती ऐकून घेतात आणि म्हणतात, "इथं तुम्ही नव्हते आले. पाण्याची मोटर मी चालू केली."

आता वयाचा प्रश्न निघालाय. आधार कार्डावर जन्मतारीख १ जून, कारण त्या काळी शाळेत घातलेल्या अर्ध्या पोरांना गुरुजींनी जन्मतारीख म्हणून १ जूनच दिली होती. साल मात्र दाखल्यावर वेगळं आणि आधारावर वेगळं. खुल्या स्पर्धेला तो आधार दाखवतो आणि चाळीशीपुढच्यांच्या स्पर्धेला शाळेचा दाखला. एकाच आठवड्यात तो तरुणही असतो आणि ज्येष्ठही.

चाळीशीपुढच्या स्पर्धेत त्याला खरा भाव आहे. तिथं सगळे वेळेवर येतात, नव्या बुटांसकट, पण पहिल्या षटकानंतर उरत नाहीत. कोणाची मांडी धरते, कोणाचा गुडघा बोलतो, कोणाला डॉक्टरांची चिठ्ठी आठवते. परवाच्या सामन्यात समोरच्या संघाच्या कर्णधाराच्या पोटरीत गोळा आला. रनर हवा होता आणि त्यांच्याकडं धावू शकणारा एकही माणूस शिल्लक नव्हता. ऑलराउंडर स्वतःच्या संघाकडून कव्हरला उभा होता. त्यानं टोपी सरळ केली आणि गेला. दुसऱ्याच चेंडूवर तो धावबाद झाला. समोरचे म्हणाले, मुद्दाम. त्याचे स्वतःचे म्हणाले, इतका जीव तोडून पळायची काय गरज होती? रात्रीच्या पंगतीत दोन्हीकडच्यांनी त्याला शेजारी जागा दिली नाही. मासवडीचा रस्सा होता. वाढणाऱ्या पोराला तेवढ्यात घरून फोन आला. ऑलराउंडरनं त्याच्या हातातली बादली घेतली, पंगतीच्या टोकाला गेला आणि पहिली पळी लंगडणाऱ्या कर्णधाराच्या ताटात ओतली.