आमचीही प्रायमरी

माझा भाचा न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो आणि लोकशाही फार मनावर घेतो. १० जून २०२५ ला तिथे गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी झाली. खुर्ची एक, इच्छुक सहा, आणि त्यांतला पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायचे पक्षाच्या मतदारांनी. भाच्याने त्यासाठी एक्सेलमध्ये तक्ता केला. वर सहा नावे, डावीकडे मुद्दे: मालमत्ता कर, घरे, रेल्वे, शाळा. कोण काय करणार, ते ज्याच्या त्याच्या रकान्यात. आठवडाभर तो तक्ता न्याहाळून त्याने मत दिले. मिकी शेरिल जिंकल्या आणि पुढे गव्हर्नरही झाल्या.

डिसेंबरात आमच्या नवी मुंबई महापालिकेची निवडणूक लागल्याचे कळताच त्याचा नेरूळला व्हिडिओ कॉल आला. "मामा, तुमची प्रायमरी कधी? तुझ्या प्रभागातल्या इच्छुकांचा असाच तक्ता करून पाठव ना."

मी म्हटले, पाठवतो. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, आणि एक्सेल मी नातीकडून शिकलो आहे.

इच्छुकांची टंचाई नव्हती. आमच्याकडची याआधीची निवडणूक झाली एप्रिल २०१५ मध्ये. २०२० ची करोनाने पुढे ढकलली आणि ती जी पुढे गेली, ती पुढेच राहिली. पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार केला. या काळात आमच्याकडे 'भावी नगरसेवक' ही उपाधी लोकांनी इतकी वर्षे लावली की एकाच्या मुलाने शाळेच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय म्हणून तीच लिहिल्याचे सांगतात.

या निवडणुकीत पहिल्यांदाच पॅनेल पद्धत. जागा १११, प्रभाग २८. सत्तावीस प्रभागांत चार-चार नगरसेवक, एकात तीन. आमच्या प्रभागात अ, ब, क या जागांवर आरक्षण पडले आणि 'ड' खुली राहिली. त्या एका 'ड'वर एकाच पक्षाच्या चौघांचा डोळा. पक्ष कोणता ते मी सांगत नाही. वाचकांनी आपापला समजावा, चालेल.

चौघांची ओळख करून देतो. दादा गावठाणातले, प्रकल्पग्रस्त, निष्ठावंत. ताई बचत गटवाल्या. दर संक्रांतीला हळदीकुंकू आणि वर्षातून एकदा एकवीरेला सहा बसगाड्या. शेठ पेव्हर ब्लॉकच्या धंद्यात. क्रिकेटचा चषक त्यांच्याच नावाचा आणि बक्षीस म्हणून मोटारसायकल. चौथे सर, कोचिंग क्लास चालवतात, आयुक्तांना निवेदने देतात आणि निवेदन देतानाचा फोटो निवेदनाआधी व्हॉट्सअ‍ॅपवर येतो.

वही घेऊन मी चौघांच्या जनसंपर्क कार्यालयांत फिरलो.

पाणी. आमची महापालिका स्वतःचे मोरबे धरण बाळगून आहे, याचा चौघांनाही अभिमान. नळाला दाब का नसतो, असे विचारल्यावर चौघांनीही "आम्ही पाठपुरावा करतोय" असे सांगितले. दादांनी पाठपुराव्याची फाइल दाखवली, ताईंनी पाठपुराव्याचा फोटो, शेठनी पाठपुरावा करणारा माणूस. सर स्वतःच पाठपुरावा असल्यासारखे बसले होते.

पार्किंग. चौघेही बहुमजली पार्किंगच्या बाजूचे. हे बोलणे झाले तेव्हा चौघांच्याही गाड्या कार्यालयासमोरच्या फुटपाथवर होत्या.

पुनर्विकास. सिडकोच्या जुन्या इमारतींना वाढीव एफएसआय मिळालाच पाहिजे आणि लीजच्या जमिनी फ्रीहोल्ड झाल्याच पाहिजेत. गावठाणातली गरजेपोटी बांधलेली घरे कायम झालीच पाहिजेत. चारही रकान्यांत तीच वाक्ये, आणि 'च' सुद्धा त्याच जागी.

फ्लेमिंगो. शहराची ओळख. चौघांच्याही बॅनरवर गुलाबी पक्षी. हे पक्षी उतरतात त्या डीपीएस तलावाचे काय, असे विचारल्यावर "विकास आणि पर्यावरण हातात हात घालून" असे उत्तर मिळाले. फ्लेमिंगोला हात नसतात, हे मी सुचवले नाही.

विमानतळ. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचेच नाव! ८ ऑक्टोबरच्या उद्घाटनात नावाची घोषणा झाली नाही, याचे चौघांनाही दुःख, आणि ती त्यांच्याच पक्षाने करून घेतली नाही, हे चौघांनाही ठाऊक नाही.

मालमत्ता कर. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी. माझे घर किती फुटांचे ते चौघांनीही आधी विचारले आणि मगच भूमिका सांगितली. भाच्याच्या अमेरिकेत धोरण सगळ्यांना एकच ऐकवतात. आमच्याकडे मोजून शिवून देतात.

एका मुद्द्यावर मात्र माझी आशा पालवली. चौदा गावे. शिळफाट्यापलीकडची ही गावे २००७ मध्ये महापालिकेतून बाहेर पडली आणि आता परत आत आली. एकनाथ शिंदे त्यांना आत घेण्याच्या बाजूचे. भाजपच्या गणेश नाईकांचे म्हणणे, या गावांचा बोजा नवी मुंबईच्या करदात्याने का उचलायचा. म्हणजे खराखुरा मतभेद, पैशांचा, रस्त्यांचा, पाण्याचा! मी हरखून चौघांना विचारले. चौघांनी एकमेकांना न विचारता एकच उत्तर दिले: "साहेब म्हणतील ते."

तक्ता भरला. चारही रकान्यांत वरपासून खालपर्यंत तोच मजकूर. नातीने शिकवलेल्या कॉपी-पेस्टचा इतका उपयोग आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

मग फरक कशात होता? फरक होता, पण तो भाच्याच्या तक्त्यात मावणारा नव्हता. पक्षात नेते दोन, साहेब आणि भाऊ. दादांच्या बॅनरवर साहेबांचा फोटो वर आणि भाऊंचा खाली. शेठच्या बॅनरवर भाऊ वर, साहेब कोपऱ्यात. ताईंनी दोघांना एकाच आकारात छापले आणि त्या दोन्हीकडून गेल्या. सरांनी फोटो छापण्याआधी संविधानाची प्रस्तावना छापली. सरांचे तिकीट गेले ते तिथेच. आमच्याकडे बॅनर वाचायचा नसतो, मोजायचा असतो. कोणाचे डोके किती इंचांचे, हाच जाहीरनामा.

पुढे इच्छुकांच्या मुलाखती झाल्या. भाच्याला मी मोठ्या उत्साहाने सांगितले की आमच्याकडेही डिबेट असते. तिथे विचारतात काय, हे मुलाखत देऊन आलेल्यांकडूनच कळले. जात कोणती, खर्च किती झेपेल, आणि तिकीट नाही मिळाले तर काय कराल? शेवटच्या प्रश्नाला "पक्षाचे काम करीन" हे उत्तर. ते सगळ्यांना पाठ असते आणि कुणालाच खरे वाटत नाही, विचारणाऱ्यालाही नाही.

मग आला एबी फॉर्म. आमच्या पक्षांतर्गत लोकशाहीची गंगा ज्या गोमुखातून निघते, तो पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद. अर्ज भरायची शेवटची तारीख होती ३० डिसेंबर. पक्षांनी हे फॉर्म इतके जपून ठेवले की इच्छुकांची नुसती फोनाफोनी चालली होती. नाशिकमध्ये एबी फॉर्म नेणाऱ्या गाडीचा इच्छुकांनी सिनेमात करतात तसा पाठलाग केला. पुण्यात एकाने प्रतिस्पर्ध्याचा एबी फॉर्म फाडून गिळल्याची बातमी आली. भाच्याला ती वाचून दाखवली तर तो म्हणाला, "आमच्याकडे प्रतिस्पर्ध्याचे धोरण खोडून काढतात." मी म्हटले, आमच्याकडे पचवतात.

आमच्या प्रभागात फॉर्म दादांना मिळाला. शेठ त्याच संध्याकाळी मित्रपक्षात गेले आणि रात्री तिथला फॉर्म घेऊन उभे राहिले. सर अपक्ष. ताईंनीही अर्ज भरला होता. साहेबांचा फोन आला, तेव्हा ताईंनी डोळे पुसले आणि २ जानेवारीला अर्ज मागे घेतला. त्या आता स्वीकृत नगरसेवकपदाकडे डोळे लावून आहेत. १५ जानेवारीला मी मतदान केंद्रात गेलो. 'ड' जागेच्या यादीत दादा, शेठ आणि सर एकाखाली एक. महिन्यापूर्वी तिघे एकाच पक्षात होते. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: अरे, हीच की प्रायमरी!

इथे वाचकांनी माझ्या प्रभागाला हसू नये. आमच्या शहराची परंपराच ही आहे. २०१४ साली विधानसभेला बेलापूरमध्ये भाजपच्या मंदा म्हात्रे यांनी राष्ट्रवादीच्या गणेश नाईकांना हरवले. म्हात्रे स्वतः राष्ट्रवादीतूनच आलेल्या. २०१९ मध्ये नाईकही भाजपमध्ये आले. बेलापूर एक, दावेदार दोन. तिकीट म्हात्रेंनाच मिळाले आणि ऐरोलीत मुलाने, संदीप नाईकांनी, वडिलांसाठी जागा सोडली. २०२४ ला पुन्हा तोच प्रश्न. पक्षाने पुन्हा म्हात्रेंना तिकीट दिले, तेव्हा संदीप नाईक शरद पवारांच्या राष्ट्रवादीत जाऊन बेलापुरात त्यांच्यासमोर उभे राहिले. शिंदेसेनेचे विजय नाहटा, एकेकाळचे महापालिका आयुक्त, तेही अपक्ष म्हणून आलेच. वडील तेव्हा शेजारी ऐरोलीत भाजपचे उमेदवार. म्हात्रे ३७७ मतांनी जिंकल्या. पक्षाने घरात न सोडवलेले भांडण लाखो मतदारांनी रांगेत उभे राहून ३७७ मतांनी सोडवले. त्यांच्या धोरणांत काय फरक होता, असे कोणी विचारू नये. रांगेतल्या कुणीही विचारले नव्हते.

महापालिकेतही तेच. राज्यात भाजप आणि शिंदेसेना एका सरकारात. नवी मुंबईत एकमेकांसमोर. याला आमच्याकडे 'मैत्रीपूर्ण लढत' म्हणतात. १६ जानेवारीला निकाल लागला तेव्हा बहुतेक सगळ्या जागा या दोन मित्रांनीच वाटून घेतल्या होत्या. विरोधकांना जागा उरली नाही, कारण विरोधाचे कामही सरकारनेच अंगावर घेतले होते.

रीतसर प्रायमरीचा प्रयोग महाराष्ट्रात झालाच नाही असे नाही. २०१४ च्या लोकसभेला राहुल गांधींच्या कल्पनेनुसार काँग्रेसने निवडक मतदारसंघांत पदाधिकाऱ्यांकडून मते घेऊन उमेदवार ठरवले. आपल्याकडे त्यांत वर्धा होते. नव्या रक्ताला वाव मिळावा हा हेतू. वर्ध्यात चुरस झाली ती सागर मेघे आणि चारुलता टोकस यांच्यात. सागर मेघे तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव. टोकस माजी प्रदेशाध्यक्ष प्रभा राव यांच्या कन्या. रक्त नवे होते, गट जुनेच. मेघे प्रायमरीत निवडून आले, भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून लोकसभेत हरले आणि त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये गेले. प्रायमरीत जिंकून पक्ष सोडण्याची ही सोय अमेरिकेला सुचली नसावी.

भाच्याने हे सगळे ऐकले आणि त्याच्या चेहऱ्यावर परदेशस्थ भारतीयाची ती करुणा पसरली. तेव्हा मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. निवृत्त माणूस वाचतो. न्यू जर्सीत कित्येक वर्षे 'लाइन' नावाचा प्रकार होता. जिल्ह्यातल्या पक्षनेत्यांची ज्याच्यावर मर्जी, त्याचे नाव मतपत्रिकेवर ठळक, मोठमोठ्या नावांच्या रांगेत. बाकीच्यांची कुठेतरी कोपऱ्यात. अँडी किम सिनेटसाठी उभे असताना २०२४ मध्ये न्यायालयात गेले आणि न्यायाधीशांनी ही लाइन थांबवली, तेव्हा कुठे २०२५ च्या प्रायमरीत सहाही नावे सारख्या मापाने छापली गेली.

"म्हणजे तुमच्याकडेही एबी फॉर्म होताच," मी म्हटले, "फक्त तो मतपत्रिकेच्या आत शिवलेला होता. आणि फोटोचे इंच तुम्हीही मोजत होता."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण मामा, आम्ही कोर्टात तरी गेलो."

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पक्ष मला माणूस निवडू देत नाही, याबद्दल कोर्टात जावे असे आजवर माझ्याही मनात आले नव्हते. दादांना फॉर्म मिळाल्यावर मी फुले घेऊन गेलो होतो.

विषय बदलावा म्हणून मी त्याला आमची पद्धत समजावून सांगितली. तुमच्याकडे आधी पक्षाचे लोक माणूस निवडतात आणि मग सगळे लोक पक्ष निवडतात. आमच्याकडे आधी सगळे लोक माणूस निवडतात आणि मग माणूस पक्ष निवडतो. तुमची जनरल निवडणूक नोव्हेंबरात असते. आमची निकालानंतर, आणि तिला मतदारांची गरज लागत नाही.

"ते राहू दे," तो म्हणाला. "तक्ता पाठव."

मी लॅपटॉप उघडला. चार रकाने, चार नावे, सात मुद्दे, एकच मजकूर. नातीने खांद्यावरून डोकावून सांगितले, "आजोबा, सगळं सेमच आहे तर सेल मर्ज करा ना." चारही रकाने निवडून मी बटण दाबले. एक्सेलने एक खिडकी उघडून विचारले: एकत्र केल्यास फक्त पहिल्या रकान्यातला मजकूर राहील, बाकीचा जाईल. पुढे जायचे?

पहिला रकाना कोणाचा ते मी बघितले नाही. ओके दाबले.