बाप पडला, बाप आला, लेक आली

"वॉर्ड बदलला म्हणून एवढी चिडतेस? आमचा तर अख्खा लोकसभा मतदारसंघ गेला. आणि कोणी दहाव्यालासुद्धा आलं नाही," म्हणत काकूंनी कुंपणावर पायपुसणं झटकलं. धूळ सगळी आमच्या बाजूला.

काकूंचं माहेर नायगावच्या बीडीडी चाळीत, सासर वरळीच्या. मुलाने बदलापूरला घर घेतलं तेव्हापासून आमच्या शेजारी. कोणती निवडणूक कोण जिंकलं, हे त्या भाऊबंदकीच्या भानगडी सांगाव्यात तसं सांगतात. कोण कोणाशी बोलत नव्हतं, मग कोणाचं कोणाशी जमलं, आणि त्यात कोणाचं फावलं.

"कुठला हो मतदारसंघ?"

"मुंबई मध्य. बावन्न साली त्याला शहर उत्तर म्हणायचे, सत्तावन्नला शहर मध्य. बासष्टला त्याचे दोन तुकडे झाले, मध्य उत्तर आणि मध्य दक्षिण. सदुसष्टला मध्य उत्तरचं झालं नुसतं मध्य. हद्दी इकडच्या तिकडे व्हायच्या, माणसं तीच. गिरणीतली."

"म्हणजे बाबासाहेब पडले तो?"

काकूंचा हात थांबला. "पडले नाही गं. पाडले."

इथे आमचे सासरे पेपर घेऊन पडवीत आले. ते मूळचे गिरगावचे, म्हणजे स. का. पाटलांच्या मतदारसंघातले, त्यामुळे गिरणगावच्या राजकारणावर आपण तटस्थपणे बोलू शकतो असा त्यांचा समज आहे. "त्या काळी द्विसदस्य मतदारसंघ असायचे," त्यांनी मला समजावलं. "एकाच मतदारसंघातून दोन खासदार, त्यातली एक जागा राखीव. प्रत्येकाला दोन मतं, पण दोन्ही एकालाच देता येत नसत. उमेदवारागणिक वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, समाजवाद्यांचं झाड, कम्युनिस्टांचं कणीस-विळा. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले की एक बाद."

"हां, तेच तर," काकू म्हणाल्या. "बाबासाहेबांनी एक्कावन्नच्या सप्टेंबरात मंत्रिपद सोडलेलं. जानेवारीत निवडणूक. त्यांची जोडी समाजवादी अशोक मेहतांशी. काँग्रेसकडून विठ्ठल गांधी आणि राखीव जागेला नारायण काजरोळकर. आणि कम्युनिस्टांचे डांगे वेगळे उभे. डांग्यांना मानणारे गिरणी कामगार आणि बाबासाहेबांना मानणारे गिरणी कामगार एकाच फाटकातून आत जायचे, एकाच भोंग्यावर सुटायचे. पण मत देताना तोंडं दोन दिशांना. निकाल काय? काँग्रेसच्या दोन्ही जागा आल्या. ज्याने घटना लिहिली तो माणूस चौथा!"

काजरोळकरांशी फरक चौदा हजारांहून थोडा जास्त. आणि बाद झालेल्या मतपत्रिका? ७४ हजारांच्या वर. हा आकडा मी ऐकला तेव्हा मलाही दोनदा विचारावंसं वाटलं. बाबासाहेब आणि अशोक मेहता या दोघांनी मिळून निवडणूक रद्द करा म्हणून अर्जही केला होता, तो फेटाळला गेला. डांग्यांच्या माणसांनी मुद्दाम मतं कुजवायला लावली, असा आरोप फेडरेशनच्या लोकांनी वर्षानुवर्षं केला. काकूंचे वडील तर तो मरेपर्यंत करत होते. सासऱ्यांचं म्हणणं वेगळं: नवी पद्धत, दोन-दोन कागद, लोक गोंधळले असतील. दोन्ही थोडं थोडं खरं असावं असं मला वाटतं, पण हे कुंपणावर बोलायची सोय नाही.

"मग पुढे भंडाऱ्याला," मी म्हटलं.

"चोपन्नची पोटनिवडणूक. तिथेही अशोक मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. ते जाऊ दे. खरी मजा सत्तावन्नची."

काकूंचा आवाज इथे नेहमी चढतो. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली, फ्लोरा फाउंटनला गोळ्या झाडलेल्या, आणि छप्पनच्या ६ डिसेंबरला बाबासाहेब गेलेले. दादरच्या चौपाटीवरच्या त्या गर्दीनंतर काही महिन्यांतच मतदान. फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील. आणि समितीने शहर मध्यला जोडी दिली ती कोणाची? सर्वसाधारण जागेला श्रीपाद अमृत डांगे, राखीव जागेला फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने.

"पाच वर्षांपूर्वी ज्यांच्या नावाने बोटं मोडली, त्यांच्याच कणीस-विळ्याला आमच्या चाळीने मत दिलं. आणि त्यांनी आमच्या हत्तीला. दोघंही आले. काँग्रेस दोन्हीकडे आडवी," काकू म्हणाल्या. "वडील मत देऊन आले, पण डांग्यांचं नाव तोंडाने घेतलं नाही."

पुढचं भराभर. १९६१ साली कायद्याने द्विसदस्य मतदारसंघच रद्द झाले. महाराष्ट्र मिळाला होता, समितीतले पक्ष पांगले होते. बासष्टला मध्य दक्षिणमध्ये विठ्ठल गांधींनी डांग्यांना पाडलं, मध्य उत्तरमध्ये काजरोळकर आले. म्हणजे बावन्नचीच जोडी, फक्त आता दोन मतदारसंघांतून. सदुसष्टला मध्य दक्षिणमध्ये डांगे पुन्हा आले, आणि मुंबई मध्यमधून काँग्रेसचे रा. धों. भंडारे. हे भंडारे एके काळी बाबासाहेबांच्या चळवळीतले, नंतर काँग्रेसमध्ये गेलेले. एकाहत्तरलाही तेच. त्र्याहत्तरला त्यांना बिहारचं राज्यपालपद मिळालं आणि जागा मोकळी झाली.

"जानेवारी चौऱ्याहत्तर," काकू म्हणाल्या आणि जरा गप्प झाल्या. "तेव्हा मी वरळीला."

काँग्रेसचे उमेदवार रामराव आदिक. हे तेच, जे सहासष्टला शिवसेनेच्या शिवाजी पार्कवरच्या पहिल्या मेळाव्याच्या व्यासपीठावर होते. सेनेचा पाठिंबा अर्थात त्यांना. कम्युनिस्टांकडून डांग्यांची मुलगी, रोझा देशपांडे. आणि दलित पँथरने सांगितलं, बहिष्कार. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींत पँथरची सभा होती, तिथे दगडफेक झाली आणि दंगल पेटली. १० तारखेला परळमध्ये पँथरच्या मोर्चावर वरून दगड आले, त्यात कार्यकर्ता भागवत जाधव गेला. पुढे चौकशीला न्या. भस्मे आयोग बसला.

"आमच्या चाळीच्या जिन्यावर पोलीस. दाराला आतून पाट लावून बसायचो," काकू म्हणाल्या. "पँथरच्या पोरांनी मत दिलं नाही, आणि काँग्रेसची हक्काची मतं गेली. रोझाबाई निवडून आल्या."

"म्हणजे बहिष्काराचा फायदा कम्युनिस्टांना," सासरे म्हणाले.

"मग? बावन्नला आमच्या भांडणाचा फायदा बैलजोडीला झाला, तेव्हा नाही कोणी म्हटलं."

सासऱ्यांनी पेपर वर केला. काकूंचा हिशेब मला पटतो. या मतदारसंघात काँग्रेसला स्वतःच्या बळावर जिंकताना कोणी फार पाहिलं नाही. कम्युनिस्टांचा लाल आणि बाबासाहेबांच्या लोकांचा निळा वेगळे झाले की ती यायची, एकत्र आले की जायची. भंडारे अपवाद वाटतात, पण तेही निळ्यातूनच गेलेले.

"आणि मतदारसंघ गेला कधी?"

"सत्त्याहत्तरला. फेररचना झाली, मुंबई मध्य आणि मध्य दक्षिण ही नावंच गेली. उत्तर मध्य आणि दक्षिण मध्य आली. डांग्यांच्या पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिलेला, त्यामुळे त्यांचं दुकान बसलं. पण आले कोण बघ. उत्तर मध्यला मार्क्सवादी अहिल्याबाई रांगणेकर, दक्षिण मध्यला रिपब्लिकन बी. सी. कांबळे."

"पुन्हा लाल आणि निळा!"

"नाव बदललं म्हणून चाळ थोडीच बदलते? चौऱ्याऐंशीला इंदिराबाई गेल्या. सहानुभूतीच्या लाटेत मुंबईच्या सहापैकी पाच जागा काँग्रेसने घेतल्या. सहावी, दक्षिण मध्य, कामगार नेते दत्ता सामंतांनी. गिरण्यांच्या संपात दोन वर्षं पगाराविना काढलेल्या लोकांनी निवडून दिलं त्यांना. आमच्या घरची चार मतं त्यात होती."