दुभाषे काका

बदलापूरच्या दर दोन सोसायट्यांमागे एक काका असे असतात, की आपल्याला सिंधी कळतं अशी त्यांची स्वतःची ठाम समजूत असते. लग्नाचा बस्ता उल्हासनगरला बांधायचा ठरला, की पहिला निरोप त्यांना जातो.

गाडीत काका इतिहास सांगतात. फाळणीत सिंध सुटलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकी मिळाल्या, १९४९ साली छावणीचं उल्हासनगर झालं, पत्ते मात्र आजही कॅम्प एक ते पाच. ‘पापड विकून उभी राहिली हो ही माणसं!’ इथे काकांचा गळा दाटतो. तेवढ्यात स्टेशन येतं. ‘आता पाकिटं सांभाळा,’ काका म्हणतात.

‘इतकी वर्षं महाराष्ट्रात राहून मराठी येऊ नये?’ हा त्यांचा सवाल फक्त आमच्यासाठी. गजानन मार्केटात शेठसमोर बसले, की पहिल्या शब्दापासून काकांची हिंदी सुरू.

मग शेठ पोऱ्याला सिंधीत काहीतरी सांगतात. काकांचे कान टवकारतात. ‘गिऱ्हाईक नवखं आहे, पडून राहिलेला माल काढ म्हणाला.’ पोऱ्या चहा घेऊन येतो. ‘खुणेची भाषा असते त्यांची,’ काका डगमगत नाहीत. शेठ फोनवर हसले, तर ते काकांच्या चपलांना. सगळं दुकान आपल्याविषयीच बोलतंय, ही खात्री भाषा न कळणाऱ्यालाच असते. शेजारी शेठचा नातू आजोबांच्या सिंधीला हिंदीत उत्तरं देत असतो; ते काकांच्या गावीही नसतं.

शेवटी शालूवर घोडं अडतं. शेठ म्हणतात पाच हजार. काका तिथेच, त्यांच्या पुढ्यात, मराठीत खलबत मांडतात. ‘चार मागू. नाही म्हणाला तर उठायचं नाटक करू. साडेचारला मात्र सोडायचा नाही.’

ठरल्याप्रमाणे सगळे उठतात. शेठ शालूची घडी घालत म्हणतात, ‘बसा हो काका, गुडघ्यांना कशाला त्रास? साडेचारलाच बांधतो.’

परतीच्या गाडीत काका गप्प. अंबरनाथ येता येता एकदम उसळतात, ‘मराठी येतं त्याला! आणि पत्ता लागू दिला नाही! मग आपल्याच राज्यात माणसानं खासगी बोलायचं तरी कुठल्या भाषेत?’