पाच भाऊ आणि एक स्विच

भाऊंना ‘नेटवाला’ म्हटलेलं खपत नाही. ते नेटवर्क ॲडमिन. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरच्या तीन-चार रिसॉर्टांचं नेट सांभाळतात. सांभाळतात म्हणजे कुणाला हात लावू देत नाहीत. खाऱ्या वाऱ्यानं स्विचची पेटी गंजलीय, कुलूप मात्र दर पावसाळ्याआधी नवं. किल्ली करगोट्याला. समोरचा जलदुर्ग 1737 साली पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे आला, तो पहारा ढिला होता म्हणून, असं भाऊंचं ठाम मत.

सिस्कोच्या स्विचमध्ये अधिकाराच्या 0 ते 15 पायऱ्या असतात. 1 वर बहुतेक नुसतं बघायचं, 15 वर सगळं करायचं. शेठ 1 वर. ‘शेठ, पैसे तुमचे, स्विच तुमचा, पासवर्ड माझा.’ मॅनेजर 0 वर. तिथून जेमतेम बाहेर पडता येतं.

दुरून स्विचमध्ये शिरायच्या जुन्या टेलनेटचं नाव काढलं की भाऊ कानाला हात लावतात. त्यात खोटं काही नाही. टेलनेटवर पासवर्ड तारेतून उघडावाघडा जातो. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असेच पासवर्ड चोरीला गेले, म्हणून 1995 साली तातु युलोनेन यांनी पासवर्ड झाकून नेणारं एसएसएच लिहिलं. भाऊ हे अशा आपुलकीनं सांगतात की हेलसिंकी आगाशीच्या पलीकडंच असावं.

स्विचमध्ये दुरून शिरायला सोळा वाटा. ‘सोळा कशाला? धर्मशाळा आहे?’ भाऊंनी अकरा बंद केल्या. दहा मिनिटं हात हलला नाही तर स्विच माणसाला बाहेर काढतो. हा अपमानही त्यांनी मुदतीच्या जागी शून्य टाकून कायमचा मिटवला.

मग मे महिन्यातला शनिवार. कुठलासा पोर्ट बंद पडला. ओल्या कपड्यांतले पाहुणे मोबाइल उंचावून नेट शोधतायत, आणि भाऊ किल्ल्याच्या बेटावर कालिकामातेच्या दर्शनाला. दोन ओळींचं काम! बोटीतच लॅपटॉप उघडला. स्विच दारात उभं करीना. पुन्हा, पुन्हा. ‘हॅक केलं कुणीतरी!’ तांडेलसुद्धा दचकला.

किनाऱ्याला लागताच भाऊ पळत सुटले. पेटी उघडली, निळी कन्सोल केबल खुपसली, आत कोण बसलंय ते विचारलं. पडद्यावर पाच ओळी, पाचही जागी भाऊंचंच नाव. लॉगआउट न करता लॅपटॉपचं झाकण मिटायची सवय. दर वेळी एक भाऊ आत राहून गेलेला.

मागून मॅनेजर वाकून वाचत होता.

‘भाऊ, हे पाच जण कोण?’

‘तू 0 वर आहेस ना? मग बाहेर जा.’