दस्त्याला जपा

अमेरिकेतला खरा शौकीन रायफल विकत घेत नाही, बांधून घेतो. रेमिंग्टन ७०० ची अ‍ॅक्शन, म्हणजे गोळी भरून झाडणारी यंत्रणा, तीही पुन्हा घासूनपुसून सरळ केलेली. नळी एकाकडून, ट्रिगर दुसऱ्याकडून, आणि अक्रोडाचा दस्ता अशा कारागिराकडून, जो आधी गिऱ्हाईकाची परीक्षा घेतो आणि मग पैसे. त्यानंतर मिरवणूक. लाकडाच्या रेषा उजेडात खुलतील अशा बेताने फोटो, शेजारी शंभर यार्डांवरचा कागद: पाच गोळ्यांचे एकच भोक आणि मापाला ठेवलेले नाणे. (त्याच दुपारचे बाकीचे कागद कुठे जातात, हे विचारायचे नसते.) शंभर यार्डांवर गोळ्यांचा इंचभर पसरलेला ग्रुप म्हणजे आता जवळजवळ नाचक्की, पाव इंच हवा. हरणाच्या छातीतली मर्माची जागा मात्र अजून आठेक इंचांचीच आहे, तिने काळाबरोबर काही सुधारणा केलेली नाही. आजोबांचे १८९४ च्या बनावटीच्या विंचेस्टरवर भागत होते, घरात मांसही येत होते. नातवाची रायफल यंदा मोसमाच्या पहिल्या दिवशी तिजोरीतच राहिली. बाहेर पाऊस होता, आणि दस्त्याला नुकतेच तेल दिले होते.