चकतीशास्त्र : जव्हार-मोखाडा आवृत्ती

जानेवारी १९८४ मध्ये इटलीच्या फ्रान्सेस्को मोझरने मेक्सिको सिटीत आऱ्यांऐवजी चकत्यांच्या चाकांवर तासाभरात ५१.१५१ किलोमीटर कापले आणि सायकलवाल्यांना चकतीचा नाद लागला. त्याच्या ट्रॅकवर घाट नव्हता, एवढी किरकोळ बाब सोडली तर ही विद्या आपल्या दोन्ही तालुक्यांत जशीच्या तशी लागू पडते.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर विरोध चौपट. विक्रमगडाकडून जव्हारचा घाट चढणारा बहुधा सायकलच्या शेजारून चालत असतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला या विरोधाचा जो अंश येतो तो दुर्बिणीनेच पाहावा. उतारावर चकती खरोखर कामाची, पण तिथे वेग वाढावा असं फक्त चकतीलाच वाटतं. असो. शास्त्र म्हटलं की शंका काढू नयेत.

कार्बनची विकतची चकती सायकलीहून महाग पडते. आपला कच्चा माल मात्र चौकाचौकात टांगलेला असतो : वाढदिवसाच्या शुभेच्छांची सनपॅक शीट. हलकी, पावसाला न बधणारी, सुरीने कापता येणारी. वाढदिवस उलटून जाईपर्यंत धीर धरा आणि उतरवताना विचारून घ्या. छापील बाजू आत ठेवावी. साहेबांचं डोकं प्रत्येक फेऱ्यात एकदा खाली जातं आणि कार्यकर्त्यांना विज्ञान समजावत बसायला वेळ नसतो. बोहाड्याचे मुखवटे होतात त्या कागदाच्या लगद्याची चकतीही देखणी होईल, पण जूनपर्यंतच.

आता कापणी. आरे हबकडून रिमकडे तिरके येतात, म्हणून सपाट चकती बसत नाही, उथळ शंकू लागतो. गोल कापून मधोमध हबपुरतं भोक पाडा, चेनच्या बाजूला फ्रीव्हील मोकळं राहील एवढं मोठं. मग कडेपासून भोकापर्यंत एक सरळ चीर द्या आणि चिरेच्या कडा बाहेरच्या बाजूला साधारण सेंटिमीटरभर एकमेकींवर चढवा. शंकू तयार. या चिरेमुळे चाक न उतरवताही चकती आत सरकवता येते.

जुन्या अठ्ठावीस इंची काळ्या सायकलवाल्यांनी इथे थांबावं. दांडीच्या ब्रेकची रबरं रिमला बाजूने नव्हे, आऱ्यांच्या अंगाने आतून लागतात. चकती रिमपर्यंत नेलीत तर ब्रेक चकतीलाच लागेल. रिमपासून दोन-तीन बोटं आत थांबा, मोझर काही म्हणो.

बांधायला केबल टाय. सुतळी पावसात सैल पडते, तार आऱ्यांना घासते. दोन्ही बाजूंच्या चकत्यांना समोरासमोर भोकं पाडून आऱ्यांमधून टाय ओढा, शेपट्या कापा आणि चाक हाताने फिरवून कान लावा. खरखर आली तर कुठेतरी घासतंय.

पुढच्या चाकाला चकती लावू नये. हे मात्र गंभीरपणे. आडवा वारा चकतीला ढकलतो आणि पुढचं चाक वळलं की हँडलही वळतं. शंका असेल तर जव्हारच्या हनुमान पॉइंटला एखादी सुटी शीट हातात आडवी धरून उभे राहा, कठड्यापासून लांब.

सजावटीला गेरू आणि वर तांदळाच्या पिठाची वारली चित्रं सुचतात, पण चिखलात पीठ टिकत नाही. पांढरा ऑइलपेंट घ्या. हबभोवती तारपा वाजवणारा, बाहेर नाचणाऱ्यांचा फेर. इतर कुठल्याही भिंतीवर तो फेर थांबलेला असतो, इथे फिरेल. फक्त वाजवणाराही बरोबर फिरेल, ते जाणकारांना पटणार नाही.

या सगळ्या उपद्व्यापाचा खरा लाभ वेगाच्या खात्यावर जमाच होत नाही. कॅरिअरवर बसलेल्या पोराचा पाय आऱ्यांत जाऊन टाच सोलली जाते, शाळेच्या ओढणीचं टोक चाकात गुंडाळतं; मागच्या चाकाची चकती या दोन्ही गोष्टी अडवते. कॅरिअरखालच्या भागात फट ठेवू नका. मोझरला धाकट्या बहिणीला मागे बसवून न्यायचं नव्हतं.

राहिला व्हॉल्व्ह. पंपाचं तोंड जाईल एवढी खिडकी एका चकतीला कापा. आणि पंक्चर झालं तर दुकानात शिरण्याआधी चकत्या स्वतःच काढून ठेवा, नाहीतर चकती काढण्याचे वेगळे, लावण्याचे वेगळे, आणि ‘हे काय बसवलंय’ हे विचारण्याचे पैसेही पंक्चरवाला लावील.