पुठ्ठा सरकवणारा हवा

ब्रिटनमध्ये १९६९ची ट्रायम्फ बॉनव्हिल मोटारसायकल बाळगणाऱ्याला दंतवैद्य मिळतो, वकील मिळतो. मिळत नाही तो भरवशाचा मेकॅनिक. ज्यांना सापडलाय, ते त्याचं नाव सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. उगाच रांग वाढायची!

पारख मात्र सोपी. गडी मिलिमीटरचे पाने घेऊन आला, की गाडी ढकलत बाहेर काढावी. तिच्यातल्या, जोसेफ व्हिटवर्थने १८४१मध्ये आखलेल्या आट्यांचे पाने निराळे. त्यांवरचा आकडा नटाच्या डोक्याचा नसून बोल्टच्या जाडीचा. वर साठच्या दशकाअखेरीस ट्रायम्फच्या कारखान्याने युनिफाइड आटे आणायला घेतले, त्यामुळे एकाच इंजिनात दोन घराण्यांचे नट नांदतात, सासू-सुनेसारखे. चुकीचा पाना लावला, की कोपरे गोल.

दुसरी खूण तेलाची. थेंब दिसताच नवखा गॅस्केट बदलतो. मुरलेला खाली पुठ्ठा सरकवतो. आणि महिनाभर उभ्या नॉर्टन कमांडोला किक मारण्याआधी तो इंजिनाच्या तळाशी, संपमध्ये उतरलेलं तेल काढतो.

ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना १९८३मध्ये बंद पडला. तिथे हात बसलेल्या कारागिरांनी आता साठी गाठली किंवा ओलांडलीय. म्हणून गिऱ्हाईक गाडीआधी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करतं, मग दबकत तारीख मागतं. मिळते ती पुढच्या वर्षीची.